पोर्टरश : गोल्फच्या आधीची पर्यटनवाट

उत्तर आयर्लंडच्या अँट्रिम परगण्यातील पोर्टरश हे समुद्रात घुसलेल्या चिंचोळ्या भूशिरावरचे लहानसे गाव. ब्रिटिश ओपन ही गोल्फमधील सर्वांत जुनी मोठी स्पर्धा येथील रॉयल पोर्टरश क्लबच्या मैदानावर १९५१, २०१९ आणि २०२५ अशी तीनदा झाली. १९५१ पूर्वी ती इंग्लंड-स्कॉटलंडच्या बाहेर कधी गेलीच नव्हती. स्पर्धेच्या निमित्ताने आसपासच्या स्थळांचे कौतुक सुरू झाले, की ती गोल्फला जोडलेली पुरवणी वाटू लागतात. प्रत्यक्षात क्रम उलटा आहे : प्रवासी आले ते जायंट्स कॉजवे पाहायला, आणि गोल्फ त्यांच्यामागून आला.

कॉजवे म्हणजे बेसॉल्ट या काळ्या खडकाचे सुमारे ४० हजार खांब. बहुतेक षटकोनी असलेले हे खांब एकमेकांना इतके खेटून उभे आहेत, की त्यांच्या माथ्यांवरून फरसबंदीवर चालावे तसे थेट लाटांपर्यंत जाता येते. फिन मॅककूल या राक्षसाने स्कॉटलंडमधील प्रतिस्पर्ध्याला गाठण्यासाठी समुद्रावर ही वाट घातली, अशी दंतकथा आहे. १६९३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेपुढे या जागेची माहिती मांडली गेली. १७४० मध्ये सुझाना ड्रुरी या चित्रकर्तीने काढलेल्या कॉजवेच्या चित्रांना डब्लिनमध्ये पारितोषिक मिळाले आणि त्यांवरून केलेल्या छापील चित्रांमुळे ही जागा युरोपभर पोहोचली. हे खांब ज्वालामुखीतून निर्माण झाले असावेत, असे निकोला देमारे या फ्रेंच अभ्यासकाने १७७१ मध्ये सुचवले. सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा थंड होताना आकसला आणि भेगाळला, हे आज सर्वमान्य आहे.

रेल्वे १८५५ मध्ये पोर्टरशला पोहोचली. पुढचा कॉजवेपर्यंतचा पल्ला मात्र घोडागाडीचाच राहिला. ट्रेल बंधूंनी १८८३ मध्ये वाटेवरच्या बुशमिल्स या गावापर्यंत ट्राम सुरू केली आणि बुश नदीच्या पाण्यावर वीज निर्माण करून ती चालवली. जलविद्युतेवर चालणाऱ्या जगातील पहिल्या ट्राममार्गांत तिची गणना होते. वीज पुरवणारा तिसरा रूळ रस्त्याकडेला उघडाच होता. १८९५ मध्ये त्याच्या धक्क्याने एक सायकलस्वार दगावला आणि १८९९ मध्ये वीज डोक्यावरच्या तारेतून देण्यात येऊ लागली. ट्राम १८८७ मध्ये कॉजवेपर्यंत गेली, आणि पुढच्याच वर्षी गोल्फ क्लब स्थापन झाला. दोन वर्षे अशी लागोपाठ यावीत हा निव्वळ योगायोग म्हणवत नाही, कारण आगगाडी, हॉटेले आणि मुक्कामाला येणारा वर्ग तोवर गावात होताच. ट्राम १९४९ मध्ये बंद पडली. ओपन आली त्याच्या दोन वर्षे आधी.

प्रवासी वाढले तसे वादही उभे राहिले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एका कंपनीने कॉजवेला कुंपण घालून प्रवेशशुल्क लावले. लोकांच्या वहिवाटीचा प्रश्न न्यायालयात गेला आणि निकाल कंपनीच्या बाजूने लागला. आज ही जागा वारसास्थळे जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आहे, १९८६ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे, आणि दगडांवर पायी जाण्यास पैसे पडत नाहीत.

पोर्टरश आणि कॉजवे यांच्या मधोमध, कड्यावर डनलूस किल्ल्याचे अवशेष आहेत. मॅकक्विलन घराण्याकडून तो सोळाव्या शतकात मॅकडॉनेलांकडे गेला. ऑक्टोबर १५८८ मध्ये स्पॅनिश आरमाराचे ‘हिरोना’ जहाज कॉजवेजवळच्या खडकांवर फुटून हजाराहून अधिक माणसे बुडाली, आणि त्यावरच्या तोफा सॉर्ली बॉय मॅकडॉनेलने किल्ल्यावर आणल्या. जहाजावरचे सोने १९६७ पासून बेल्जियन पाणबुडे रोबेर स्तेन्युई यांनी समुद्रतळातून काढले. ते आता बेलफास्टच्या अल्स्टर संग्रहालयात आहे. किल्ल्याचे स्वयंपाकघर आचाऱ्यांसकट समुद्रात कोसळल्याची गोष्ट वाटाडे हमखास सांगतात, पण स्वयंपाकघराचे अवशेष अजून जागेवर आहेत.

इतर स्थळांचा मूळ उद्देश पर्यटन नव्हताच. बुशमिल्स व्हिस्कीच्या बाटलीवरचे १६०८ हे साल त्या परिसरात मद्य गाळण्याच्या राजपरवान्याचे आहे; कंपनीची नोंदणी १७८४ ची. किनाऱ्यालगतच्या कॅरिक-अ-रीड या छोट्या बेटावर जाणारा झुलता पूल सामन मासे पकडणाऱ्या कोळ्यांनी बांधला.

गोल्फच्या मुख्य मैदानाला डनलूस हे नाव मिळाले ते या किल्ल्यावरूनच. २०१९ च्या स्पर्धेसाठी त्यात बदल करावा लागला, तोही येणाऱ्यांमुळे : जुने १७ आणि १८ क्रमांकाचे होल वगळून ती जागा प्रेक्षकांच्या तंबूंना दिली गेली आणि त्यांच्याऐवजी वाळूच्या टेकड्यांमध्ये दोन नवे होल तयार करण्यात आले.