घरी शिकणाऱ्या मुलामुलींसाठी हिशेबाचा वर्ग : पालकांनी आधी वाचावं असं

सांगलीतल्या आमच्या कार्यालयात मुख्य काम जीएसटी, आयकर आणि जमाखर्च लिहिण्याचं. ग्राहकांपैकी काही घरांतली मुलं शाळेत जात नाहीत, घरीच शिकतात आणि एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त शाळा मंडळातून दहावी-बारावी देतात. त्यांच्याच पालकांनी पैशांच्या व्यवहाराचं कुणी शिकवेल का, असं विचारलं आणि शनिवारचा हा वर्ग सुरू झाला. वय तेरा ते सतरा. एनआयओएसच्या दहावीला अर्थशास्त्र, लेखाकर्म असे विषय घेता येतात, पण आमचा वर्ग म्हणजे त्यांची शिकवणी नव्हे. आम्ही परीक्षा घेत नाही, प्रमाणपत्र देत नाही.

वर्गात येण्यापूर्वी घरी एक गोष्ट करायची आहे. मुलाला हातखर्चाला पैसे देण्याऐवजी घरचा एक खरा खर्च त्याच्याकडे सोपवा. हातखर्चाचे पाचशे रुपये संपले तर घरात कुणाचं काही अडत नाही, त्यामुळे त्यातून फारसं शिकणंही होत नाही. भाजीचे आठवड्याचे पैसे मुलीच्या हाती दिले आणि ते गुरुवारीच संपले, तर शनिवारपर्यंत पिठलं-भाकरी खायची सगळ्यांनीच. मधेच आजोबांनी गुपचूप शंभराची नोट सरकवायची नाही. (हे आजोबांना आधीच सांगून ठेवा. नियम बहुतेक तिथेच मोडतो.) शाळेत जाणाऱ्या मुलाला हे जमणं कठीण, कारण बँक, बाजार, वीज भरणा केंद्र उघडं असतं तेव्हा तो वर्गात बसलेला असतो. तुमची मुलं त्या वेळी मोकळी आहेत. त्याचा फायदा घ्या.

वर्गात पहिला कागद असतो महावितरणचं वीजबिल. पुष्कळ घरांत असा समज असतो की शंभर युनिटच्या वर गेलं की सगळंच बिल वरच्या दराने येतं. तसं नाही. १०५ युनिट जळाले तर वरचा दर फक्त शेवटच्या पाच युनिटना लागतो. मुलं स्वतः आकडेमोड करून हे पडताळतात; मग स्थिर आकार, वहन आकार, वीज शुल्क हे रकाने वाचतात. आयकराचे टप्पेही याच पद्धतीने चालतात, त्यामुळे तो धडा वेगळा शिकवावा लागत नाही. पगार वाढला की उलट हातात कमी येतं, असं म्हणणारी मोठी माणसं आम्हाला रोज भेटतात, म्हणून या एका बिलावर आम्ही बराच वेळ घालवतो.

पुढचा कागद घराप्रमाणे बदलतो. कुणी डेअरीचं दूधबिल आणतं, त्यात फॅट आणि एसएनएफवर (दुधातला फॅट सोडून उरलेला घन भाग) दर कसा ठरला ते पाहायचं. कुणी मार्केट यार्डातली हळदीची किंवा बेदाण्याची पट्टी, म्हणजे माल विकल्याचा हिशेबाचा कागद, आणतं. भाव, वजन, त्यातून हमाली-तोलाई वजा आणि हातात आलेली रक्कम. शेतातला खर्च मात्र त्या पट्टीवर कुठेच नसतो. तो मुलांनी घरी विचारून मांडायचा. खतं, मजुरी, पाणीपट्टी, हळद शिजवण्याचा खर्च असं सगळं लिहून झालं की नफ्याचा आकडा बराच खाली येतो.

कर्जाचा भाग आम्ही घाईने उरकत नाही. एक उदाहरण इथेच देतो. दुचाकीसाठी साठ हजारांचं कर्ज, दोन वर्षं मुदत, ‘बारा टक्के फ्लॅट’. व्याज १४,४०० रुपये, हप्ता ३,१०० रुपये. ऐकायला ठीक वाटतं. पण मुद्दल दर महिन्याला फिटत असताना व्याज मात्र पूर्ण साठ हजारांवर लागलं आहे. शिल्लक मुद्दलावर हिशेब केला तर दर पडतो साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास. गावाकडे ‘शेकडा तीन’ म्हणतात ते तर महिन्याचं असतं, म्हणजे वर्षाला ३६ टक्के. घरात असं कर्ज असेल तर ते मुलांपासून लपवू नका असं आमचं मत आहे. पण वर्गात सांगायचं की नाही, हे तुम्ही ठरवा. आम्ही विचारणार नाही.

बँक खात्याबद्दल नेहमी विचारणा होते. दहा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला बचत खातं स्वतः उघडता आणि चालवता येतं. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये याचे नियम एकत्र करून दिले आहेत. रकमेची मर्यादा किती, एटीएम कार्ड आणि चेकबुक द्यायचं की नाही, हे ती ती बँक ठरवते. खात्यात उणे शिल्लक चालत नाही. टपाल कार्यालयातही दहा वर्षांवरचं मूल ५०० रुपये भरून खातं काढू शकतं. पैसे काढण्याची स्लिप निदान एकदा तरी त्याला स्वतः भरू द्या, तुम्ही बाकावर बसून राहा.

आपल्या जिल्ह्यात पेठेपेठेत पतसंस्था आहेत, म्हणून हेही सांगतो. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँक धरून, व्याजासह पाच लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण असतं. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसतं. पतसंस्था वाईट असं नव्हे. फरक माहीत असावा.

मुलाने तबला शिकवून किंवा व्हिडिओ एडिटिंग करून मिळवलेलं उत्पन्न करासाठी त्याचं स्वतःचं धरतात. पण त्याच्या नावावर ठेवलेल्या पैशाचं व्याज आई-वडिलांपैकी ज्यांचं उत्पन्न जास्त, त्यांच्या उत्पन्नात मिळवलं जातं.

फसवणुकीच्या तासाला आम्ही २०१९ मध्ये वाळवा तालुक्यातून उघडकीला आलेलं कडकनाथ कोंबड्यांचं प्रकरण घेतो. अंडी आणि पक्षी चढ्या भावाने आम्हीच परत घेऊ, असं सांगून लोकांकडून पैसे घेतले गेले. एवढी महाग अंडी शेवटी खाणार कोण, हा प्रश्न मुलं दहा मिनिटांत विचारतात. यूपीआयचं थोडक्यात : पैसे घ्यायला पिन लागत नाही, आणि फसलोच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. ट्रेडिंगबद्दल विचारणाऱ्या मुलांना शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीचा २०२४ चा अहवाल दाखवतो. फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये, म्हणजे पुढच्या तारखेच्या भावावर केलेल्या सौद्यांत, तीन वर्षांत ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात गेले.

आम्ही विमा, म्युच्युअल फंड विकत नाही आणि कुणाकडून कमिशन घेत नाही.

वर्ग शनिवारी सकाळी दहा ते साडेअकरा, तीन महिने. एका तुकडीत आठ मुलं. फी १,८०० रुपये, दोन हप्त्यांत चालेल. भावंडं असतील तर दुसऱ्याला निम्मी. पहिल्या दिवशी मागच्या तीन महिन्यांची वीजबिलं (ग्राहक क्रमांकावर पट्टी चिकटवून), शंभर पानी वही आणि साधा कॅल्क्युलेटर आणावा. मोबाईलवरचा चालणार नाही.