फक्त फुप्फुसापुरते औषध: नायट्रिक ऑक्साइडची पार्श्वभूमी

हृदयाच्या डाव्या बाजूची मायट्रल झडप अरुंद झाली की रक्त फुप्फुसात तुंबते, फुप्फुसधमनीतला दाब चढतो आणि झडप बदलल्यावरही तो लगेच उतरत नाही. फुप्फुसाकडे रक्त ढकलणारा हृदयाचा कप्पा, म्हणजे उजवे निलय, त्या दाबापुढे थकतो. शिरेतून रक्तवाहिन्या सैल करणारे औषध द्यावे, तर सगळ्या शरीराचाच रक्तदाब कोसळतो. हा पेच बरीच वर्षे तसाच होता.

रक्तवाहिनीच्या अस्तरातून तिला सैल करणारा घटक स्रवतो, हे अमेरिकी शास्त्रज्ञ फर्चगॉट यांनी 1980 मध्ये दाखवले. तो नायट्रिक ऑक्साइड हा साधा वायू आहे, हे 1987 मध्ये मोंकाडा आणि इग्नारो यांच्या गटांनी सिद्ध केले. वायूच असेल तर श्वासातून का देऊ नये? 1991 मध्ये इंग्लंडमधल्या पॅपवर्थ रुग्णालयाने 40 पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत 40 भाग) वायू देऊन पाहिला: फुप्फुसातला रक्तप्रवाहाचा रोध घटला, शरीराचा रक्तदाब टिकला. हा वायू फुप्फुसातल्या हवा खेळत असलेल्या वायुकोशांपाशीच (हवेच्या सूक्ष्म पिशव्यांपाशीच) काम करतो आणि रक्तात शिरताच हिमोग्लोबिन त्याला निकामी करते.

हृदयरुग्णांत मात्र एक धोका 1994 पर्यंत स्पष्ट झाला. शरीराकडे रक्त ढकलणारे डावे निलय दुबळे असेल तर उजवीकडून अचानक वाढलेले रक्त त्याला पेलत नाही, त्याच्यामागे फुप्फुसाकडचा दाब वाढतो आणि फुप्फुसात पाणी भरू शकते. म्हणून आधी डावी बाजू सावरायची, मग वायू.

अमेरिकेत 1999 मध्ये मंजुरी मिळाली ती नवजात बाळांसाठी, 20 पीपीएमला. सिलिंडरमध्ये नायट्रोजनात 800 पीपीएम असते, म्हणजे 20 साठी चाळीसपट पातळ करायचे; तेवढ्याने ऑक्सिजनही चाळिसाव्या भागाने घटतो. ऑक्सिजनशी संयोग होऊन विषारी नायट्रोजन डायऑक्साइड बनतो, म्हणून वायू श्वास आत नेणाऱ्या नळीत, रुग्णाजवळ सोडतात आणि मीटरवर लक्ष ठेवतात. रक्तातले मेथेमोग्लोबिनही (ऑक्सिजन वाहू न शकणारे हिमोग्लोबिन) तपासावे लागते.

खरी फसगत होते ती वायू बंद करताना. बाहेरून वायू मिळत असताना शरीराची स्वतःची निर्मिती मंदावते. एकदम थांबवला तर काही मिनिटांत दाब उसळतो, ऑक्सिजन पडतो. 20, 10, 5 असे उतरून पुढे एकेक पीपीएमने यावे. शेवटच्या 1 पीपीएमची पायरी गाळण्याचा मोह होतो, पण घात बहुधा तिथेच होतो. या टप्प्यावर रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या सिल्डेनाफिल या औषधाचा आधार घेता येतो, हे 1999 मध्ये बॉस्टनच्या डॉक्टरांनी हृदयशस्त्रक्रिया झालेल्या बाळांत दाखवले.

वायू महाग असल्याने नेब्युलायझरमधून (औषधाचा बारीक फवारा करणारे यंत्र) इलोप्रोस्ट किंवा इपोप्रोस्टेनॉल ही रक्तवाहिन्या सैल करणारी औषधे देण्याची वाटही रुळली. इपोप्रोस्टेनॉलचे द्रावण चिकट असते. व्हेंटिलेटरचा उच्छ्वासाकडचा फिल्टर त्याने चोंदतो आणि श्वास बाहेर पडणे अडते, म्हणून तो ठरावीक तासांनी बदलावा लागतो.