अन्नप्रक्रिया व साठवण अनुदान (महाराष्ट्र)

शेतमालावर प्रक्रिया करण्यासाठी, तो साठवण्यासाठी आणि बाजारापर्यंत नेण्यासाठी लागणारी यंत्रे, शेड, गोदामे, शीतगृहे यांच्या भांडवली खर्चाचा काही हिस्सा सरकारने उचलण्याची पद्धत. बोलण्यात तिला सरसकट ‘सबसिडी’ म्हणतात. ‘सबसिडीवर मशीन घेतले’ हे वाक्य ऐकले की सरकारने आधी पैसे दिले आणि मग मशीन आले, असे वाटते. बहुतेक योजनांत क्रम याच्या उलट असतो. आधी कर्ज किंवा पदरचा पैसा, मग उभारणी, मग तपासणी आणि शेवटी अनुदान.

आज गावपातळीवर सर्वाधिक परिचित असलेली योजना म्हणजे पंतप्रधान सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजना. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ‘पीएमएफएमई’ म्हणतात. आत्मनिर्भर भारत अभियानात २९ जून २०२० रोजी ती सुरू झाली. तरतूद १०,००० कोटी रुपयांची आणि उद्दिष्ट देशभरातल्या २ लाख घटकांना, म्हणजे छोट्या प्रक्रिया उद्योगांना, मदत करण्याचे. महाराष्ट्रासारख्या राज्यांत खर्चाचा ६० टक्के भार केंद्राचा, ४० टक्के राज्याचा. मुळात २०२४-२५ पर्यंत असलेली मुदत पुढे वाढवली गेली. राज्यात तिचे काम कृषी विभागाकडे आहे.

वैयक्तिक घटकाला पात्र प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये अनुदान मिळते. स्वहिस्सा किमान १० टक्के, बाकीचे बँकेचे कर्ज. समजा मसाला कांडपाचा प्रकल्प २० लाखांचा आहे. उद्योजकाने २ लाख घालायचे, बँक १८ लाख देणार आणि अनुदान ७ लाख. हे ७ लाख उद्योजकाच्या हाती येत नाहीत. ते बँकेत त्याच्या कर्जाशी जोडलेल्या वेगळ्या खात्यात पडून राहतात. तेवढ्या रकमेवर बँक व्याज लावत नाही. तीन वर्षांनंतर कर्ज थकलेले नसेल आणि घटक चालू असेल तर ती रक्कम कर्जात वळती होते. प्रकल्पखर्च साधारण २८ लाख ५७ हजारांवर गेला की १० लाखांची मर्यादा गाठली जाते. त्यापुढे वाढवलेल्या प्रत्येक रुपयाचा भार उद्योजकाचा.

त्यामुळे योजना सरकारची असली तरी तिचा उंबरठा बँकेचा आहे. प्रकल्प अहवाल, यंत्रांची कोटेशने, जागेचा उतारा किंवा भाडेकरार, सिबिल (आधीच्या कर्जफेडीवरून ठरणारे गुण) हे सगळे तिथे तपासले जाते. अर्जदाराला हात देण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात ‘जिल्हा संसाधन व्यक्ती’ नेमलेल्या असतात. त्यांना पगार नसतो. कर्ज मंजूर झालेल्या प्रत्येक प्रकरणामागे २०,००० रुपये मानधन मिळते: निम्मे मंजुरीनंतर, निम्मे अन्नसुरक्षा नोंदणी, उद्यम (लघुउद्योग) नोंदणी, प्रशिक्षण वगैरे पूर्ण झाल्यावर. ही रचना हुशारीची आहे, कारण कागद पुढे सरकवण्यात कुणाचा तरी स्वार्थ गुंतलेला राहतो. पण तिच्यात एक कल आपोआप येतो: ज्याचे प्रकरण मुळातच सोपे, त्याच्याकडे आधी जावेसे वाटते.

अनुदानाच्या हिशेबात जमिनीची किंमत धरत नाहीत. यंत्रे आणि शेड धरतात. खेळत्या भांडवलावर मात्र अनुदान नाही. अन्नप्रक्रियेत नेमकी तीच नड मोठी असते. आमरसाचा धंदा करणाऱ्याला वर्षभराचा आंबा दीड-दोन महिन्यांत रोखीने उचलावा लागतो. पापड-लोणच्यांचा माल दुकानात गेल्यावर पैसे उशिरा सुटतात. यंत्र दारात आहे, पण कच्चा माल घ्यायला रक्कम नाही, अशी घटकाची अवस्था त्यातूनच होते. बचत गटांपुरती याची दखल योजनेने घेतली आहे. प्रक्रियेत असलेल्या प्रत्येक सदस्य महिलेमागे ४०,००० रुपयांपर्यंत बीजभांडवल मिळते आणि ते खेळत्या भांडवलासाठी वा लहान अवजारांसाठी वापरता येते. याशिवाय गट, सहकारी संस्था आणि शेतकऱ्यांनी मिळून काढलेल्या शेतकरी उत्पादक कंपन्यांना सामाईक सुविधांसाठी ३५ टक्के, तर ब्रँडिंग व विपणनासाठी ५० टक्क्यांपर्यंत मदत आहे.

‘एक जिल्हा एक उत्पादन’ हे या योजनेचे दुसरे अंग: कोल्हापूरला गूळ, रत्नागिरीला आंबा, नंदुरबारला मिरची, गडचिरोलीला मोह. सुरुवातीला नव्या घटकांना जिल्ह्याच्या ठरलेल्या उत्पादनाचेच बंधन होते. ते पुढे सैल करावे लागले. ते बरे झाले. मिरचीच्या जिल्ह्यातल्या माणसाला पिठाची गिरणी टाकावीशी वाटू शकते.

याआधीचा भर मोठ्या प्रकल्पांवर होता. २००८ पासूनच्या मेगा फूड पार्क योजनेत किमान ५० एकर जागा आणि एका पार्कला ५० कोटींपर्यंत अनुदान असे. गावोगावी संकलन केंद्रे, त्यांच्यावर प्राथमिक प्रक्रिया केंद्रे आणि मध्यभागी मुख्य पार्क अशी आखणी. महाराष्ट्रात सातारा आणि पैठण येथे असे पार्क झाले. साताऱ्याच्या पार्कचे उद्घाटन मार्च २०१८ मध्ये झाले. जागा, परवानग्या आणि कर्ज यांत अनेक ठिकाणचे पार्क रखडले आणि एप्रिल २०२१ पासून नवे पार्क मंजूर करणे केंद्राने थांबवले. शीतसाखळीसाठीचे (माल थंड ठेवून साठवण्या-नेण्याच्या सोयींचे) अनुदान मात्र केंद्राच्या प्रधानमंत्री किसान संपदा योजनेखाली चालू राहिले.

राज्याच्या पातळीवर २०१७ ची मुख्यमंत्री कृषी व अन्नप्रक्रिया योजना आहे: ३० टक्के, कमाल ५० लाख. जागतिक बँकेच्या मदतीचा ‘स्मार्ट’ प्रकल्प शेतकरी उत्पादक कंपन्यांना ६० टक्क्यांपर्यंत अनुदान देतो, तर आशियाई विकास बँकेच्या कर्जावरचा ‘मॅग्नेट’ फळे-भाजीपाल्याच्या पॅकहाऊस (माल निवडून बांधण्याची जागा) आणि शीतगृहांसाठी आहे. २०२० चा कृषी पायाभूत सुविधा निधी यांच्या रांगेत बसवतात, पण ते अनुदान नव्हे: २ कोटींपर्यंतच्या कर्जावर ७ वर्षे व्याजात ३ टक्के सूट.

सर्वांत साधे आणि कदाचित सर्वांत जास्त उपयोगी पडलेले अनुदान कांदाचाळीचे, म्हणजे कांदा साठवण्याच्या हवेशीर शेडचे. बरीच वर्षे त्याचा दर टनाला ३,५०० रुपये होता, म्हणजे २५ टनांच्या चाळीला ८७,५०० रुपये. सातबाऱ्यावर कांद्याची नोंद, आधी पूर्वसंमती, मग बांधकाम, मग कृषी खात्याची पाहणी आणि फोटो. चाळीत वीज नाही की यंत्र नाही. हवा खालून खेळावी म्हणून तळ जमिनीपासून उचललेला, भिंती फटींच्या, ढीग अरुंद. एप्रिल-मेमध्ये काढलेला उन्हाळी कांदा तिथे चार-पाच महिने राहतो आणि तो कधी विकायचा हे शेतकरी ठरवू शकतो. कांदा निघून गेला की चाळीत चारा आणि अवजारे जातात.