बंद पडलेला क्रूझ कंट्रोल आणि ब्रेकजवळचा छोटा स्विच

पंचवीस-तीस वर्षे वापरलेल्या अमेरिकी पिकअप ट्रकचे इंजिन अनेकदा ठणठणीत असते, पण क्रूझ कंट्रोलचे, म्हणजे ठरवलेला वेग आपोआप राखणाऱ्या यंत्रणेचे, बटण दाबले की काहीच घडत नाही. मालकाचा पहिला संशय इंजिनाजवळच्या, केबल ओढून वेग सांभाळणाऱ्या सर्वो मोटरवर जातो, तो भंगारातल्या गाडीची मोटर आणून बसवतो आणि बरेचदा तो खर्च पाण्यात जातो. याचे कारण यंत्रणेच्या रचनेतच आहे. तिच्याकडे येणाऱ्या संदेशांपैकी एकाबद्दलही शंका आली, तर चुकीचे काम करण्यापेक्षा तिने गप्प बसावे, अशीच तिची मुद्दाम आखणी केलेली असते. त्यामुळे मोटर निर्दोष असूनही ती हलत नाही.

क्रूझ कंट्रोलची कल्पना राल्फ टीटर या अमेरिकी अभियंत्याची. लहानपणीच दृष्टी गमावलेल्या टीटर यांना १९५० मध्ये त्याचे पेटंट मिळाले आणि १९५८ मध्ये क्रायस्लरच्या गाड्यांत हे साधन दिसू लागले. मूळ तत्त्व आजही तेच आहे: ठरवलेला वेग आणि प्रत्यक्ष वेग यांतला फरक सतत मोजायचा आणि तो कमी होईल अशा बेताने थ्रॉटल, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा पडदा, उघडायचा किंवा मिटायचा. १९९० च्या दशकातल्या फोर्ड एफ-१५० मध्ये वेगाची खबर विद्युत स्पंदांच्या रूपात येते. एका मैलाला ८,००० स्पंद, म्हणजे ताशी ६० मैल वेगाला सेकंदाला सुमारे १३३. चढावर स्पंद कमी झाले की मोटर केबल थोडी ओढते आणि इंजिनाला जास्त हवा मिळते. साहजिकच, वेग दाखवणारा काटा थरथरत असेल किंवा मधूनच शून्यावर येत असेल, तर दोष मोटरमध्ये शोधण्याआधी वेगाच्या सेन्सरकडे पाहावे.

तपासणीची सुरुवात मात्र हॉर्नपासून करणे सर्वांत स्वस्त पडते. या ट्रकमध्ये ‘ऑन’ बटणाला वीज हॉर्नच्या सर्किटमधूनच मिळते. म्हणून हॉर्नही मुका असेल तर आधी फ्यूज पाहावा. फ्यूज शाबूत असेल, तर स्टिअरिंगच्या आत गुंडाळलेली चपटी तारपट्टी संशयास्पद ठरते. क्लॉक स्प्रिंग या नावाने विकली जाणारी ही पट्टी स्टिअरिंगबरोबर हजारो वेळा उलगडते आणि गुंडाळली जाते, त्यामुळे कधी ना कधी तिच्यातली तार तुटते. सेट, कोस्ट आणि रिझ्यूम या बटणांसाठी वेगवेगळ्या तारा नसतात. प्रत्येक बटण एकाच तारेवर निराळा रोध जोडते, अनुक्रमे सुमारे ६८०, १२० आणि २,२०० ओहम. बटणाच्या संपर्कपट्टीवर गंज चढला की या रोधात भर पडते, आकडा अपेक्षित मर्यादेबाहेर जातो आणि यंत्रणा त्या बटणाची दखलच घेत नाही. रोध मोजणारा मल्टिमीटर लावून स्टिअरिंग हळूहळू फिरवताना आकडा उड्या मारत असेल, तर पट्टी गेली असे समजावे. ती एअरबॅगच्या मागे असल्यामुळे बॅटरी सोडवून काही वेळ थांबल्याखेरीज तिला हात लावू नये.

ब्रेकच्या दिव्यांचा या प्रकरणाशी संबंध असेल, असे सहसा कोणाला वाटत नाही. ब्रेक दाबलेला नसताना मोटरचे नियंत्रक दिव्याच्या तारेतून, बल्बच्या तंतूमार्गे, गाडीच्या सांगाड्यापर्यंतची वाट मोकळी आहे ना, हे पाहते. सगळे बल्ब गेले असतील किंवा हौसेने एलईडी बसवले असतील, तर ही वाट त्याला सापडत नाही आणि क्रूझ कंट्रोल सुरूच होत नाही. ज्या जुन्या ट्रकमध्ये क्रूझ कंट्रोल मोटरऐवजी इंजिनातल्या निर्वातावर चालतो, तिथे बिघाड वेगळे रूप घेतो: रबरी नळ्यांना भेगा पडतात, आणि चढावर थ्रॉटल जास्त उघडल्याने निर्वात मुळातच कमी झालेला असताना वेग टिकत नाही.

आता मास्टर सिलिंडरवर, म्हणजे पॅडल दाबल्यावर ब्रेकच्या द्रवावर दाब आणणाऱ्या भागावर, बसवलेल्या, बोटभर लांबीच्या स्विचकडे वळू. जोरात ब्रेक दाबला की त्यातल्या द्रवाच्या दाबाने मोटरला थ्रॉटलच्या केबलशी जोडणाऱ्या क्लचची वीज तुटते. म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सने दगा दिला तरी थ्रॉटल सुटतो. सुरक्षेसाठी बसवलेल्या या स्विचनेच पुढे अनेक गाड्या पेटवल्या. ब्रेकचा द्रव आणि विजेचे संपर्क यांच्यामध्ये कॅप्टॉन या प्लास्टिकच्या अतिशय पातळ पडद्यांचीच आडकाठी असते. वर्षानुवर्षे दाब सोसून पडदे चिरले की द्रव आत झिरपतो, धातू गंजतो आणि त्या मळकट द्रवातून वीज स्विचच्या धातूच्या तळाकडे वाहू लागून स्विच तापतो. किल्ली काढली तरी अनेक गाड्यांत या स्विचला वीज मिळतच राहत असल्याने काही ट्रक दारात उभे असताना पेटले. १९९९ ते २००९ या काळात फोर्डने टप्प्याटप्प्याने सुमारे १ कोटी ४० लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या.

त्या वेळी बसवलेला उपाय साधा होता: स्विचच्या वायरिंगमध्ये फ्यूज असलेला एक छोटा तुकडा जोडायचा. आज एखाद्या जुन्या एफ-१५० चा क्रूझ कंट्रोल बंद असेल आणि हा फ्यूज उडालेला सापडला, तर स्विच गळू लागला असण्याची शक्यता मोठी असते. अशा वेळी नुसता नवा, किंवा त्याहून वाईट म्हणजे जास्त अँपिअरचा फ्यूज घालणे हा आगीला आमंत्रण देण्याचा प्रकार होय. स्विचचा प्लग काढून पाहावा. आत ओलावा किंवा हिरवट गंज दिसला, तर स्विचच बदलावा. तो काढताना ब्रेकची द्रवप्रणाली उघडी पडते, म्हणून नवा स्विच घट्ट बसवल्यावर ब्रेकमधली हवा पूर्ण काढून, पॅडल कडक लागते आहे याची खात्री झाल्यावरच ट्रक रस्त्यावर न्यावा.