तळघरातला रेडॉन: मोजणी आणि उपाय

डिसेंबर १९८४ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील लिमरिक अणुवीज केंद्रात स्टॅनली वॉट्रस हे अभियंते कामावर आले, की किरणोत्सार तपासणाऱ्या यंत्राची घंटा वाजू लागे. केंद्रातून वीजनिर्मिती तेव्हा सुरूही झालेली नव्हती. शोध घेता किरणोत्साराचे मूळ त्यांच्या राहत्या घरात सापडले. तिथल्या हवेत दर लिटरमागे सुमारे २,७०० पिकोक्युरी (किरणोत्सार मोजण्याचे एकक) इतका रेडॉन हा किरणोत्सारी वायू होता. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने उपाययोजनेसाठी ठरवलेल्या ४ पिकोक्युरींच्या पातळीच्या हे प्रमाण पावणेसातशे पट भरते.

खडकांत आणि मातीत असलेल्या युरेनियमपासून रेडियम आणि रेडियमपासून रेडॉन तयार होतो. या साखळीतील बाकीची मूलद्रव्ये घनरूप असल्यामुळे जागीच राहतात, रेडॉन मात्र वायू असल्याने मातीच्या कणांमधून वर झिरपतो. त्याचा अर्धायुष्यकाल, म्हणजे निम्मे अणू विघटित होण्यास लागणारा वेळ, ३.८ दिवसांचा आहे. श्वासाबरोबर आत गेलेला रेडॉन बहुतांशी तसाच बाहेर पडतो, पण त्याच्या विघटनातून निर्माण होणारे पोलोनियमचे अणू श्वासमार्गाच्या अस्तराला चिकटतात आणि त्यांतून सुटणारे अल्फा कण पेशींतील डीएनएला इजा करतात. अमेरिकेत रेडॉनमुळे दरवर्षी फुप्फुसाच्या कर्करोगाचे सुमारे २१,००० मृत्यू होतात, असा याच संस्थेचा अंदाज आहे. धूम्रपान करणाऱ्यांना हा धोका कितीतरी अधिक असतो.

हिवाळ्यात घरातील तापलेली हवा वर चढून छताकडून बाहेर पडते, तळाशी दाब किंचित घटतो आणि जमिनीतील वायू भेगांतून, पाईपांभोवतीच्या फटींतून आत ओढला जातो. दख्खनच्या बेसाल्टमध्ये युरेनियमचे प्रमाण कमी असते आणि आपल्याकडील घरांच्या खिडक्या बहुधा उघड्या असतात, म्हणून महाराष्ट्रात हा विषय सहसा कानावर येत नाही. परंतु पेनसिल्व्हेनिया किंवा न्यू जर्सीत स्थायिक झालेली आणि तळघरात मुलांची अभ्यासाची खोली किंवा घरून काम करण्याची जागा थाटलेली अनेक मराठी कुटुंबे आहेत, आणि त्यांनी तो मनावर घ्यायलाच हवा.

रेडॉनला रंग, वास, चव काहीच नाही. शेजारच्या घरातील आकडा कमी आला म्हणून आपल्याही घरात तो कमीच असेल असे मानता येत नाही, कारण लगतच्या दोन घरांतही मोठा फरक आढळतो. वायू शोषून घेणाऱ्या सक्रिय कोळशाची डबी घरात दोन ते सात दिवस ठेवून ती प्रयोगशाळेकडे पाठवणे ही सर्वांत स्वस्त चाचणी होय. डबी उघडण्याच्या आधी बारा तास आणि चाचणी संपेपर्यंत दारे-खिडक्या बंद ठेवाव्यात; ये-जा करण्यापुरते दार उघडण्यास हरकत नाही. डबी वापरातल्या सर्वांत खालच्या मजल्यावर, जमिनीपासून किमान दीड-दोन फूट उंच आणि स्वयंपाकघर व न्हाणीघरापासून दूर ठेवावी. रेडॉनचे प्रमाण ऋतूनुसार बदलत असल्यामुळे, घाई नसेल तर तीन महिने ते वर्षभर चालणारी, अल्फा कणांचे ओरखडे प्लास्टिकच्या तुकड्यावर टिपणारी चाचणी अधिक विश्वासार्ह ठरते.

आकडा ४ च्या वर आला, की भेगा बुजवून मोकळे होण्याचा मोह अनेकांना होतो. भेगा बुजवाव्यातच, पण तेवढ्याने काम भागत नाही. खात्रीचा उपाय म्हणजे तळघराच्या काँक्रीटला भोक पाडून खालच्या खडीच्या थरापर्यंत पाईप उतरवणे आणि अखंड चालणाऱ्या पंख्याने तिथली हवा ओढून छपराच्या वर सोडणे. जमिनीखालचा दाब घरातल्या दाबापेक्षा कमी झाला, की वायूचा आत येणारा ओघच थांबतो. पंखा तळघरात बसवू देऊ नये, कारण त्याच्या पुढच्या पाईपमध्ये दाब वाढलेला असतो आणि एखादा सांधा गळका निघाला तर ओढलेला रेडॉन पुन्हा घरातच पसरतो; तो माळ्यावर किंवा घराबाहेर असावा. पाईपवर रंगीत द्रव भरलेली इंग्रजी ‘यू’ आकाराची नळी लावलेली असते. तिच्या दोन्ही बाजूंची पातळी सारखी दिसली, तर ओढ थांबली आहे असे समजून कंत्राटदाराला बोलवावे. नळी फक्त ओढ दाखवते, रेडॉन मोजत नाही. म्हणून पंखा बसवल्यानंतर महिनाभरात पुन्हा चाचणी करावी आणि पुढे दर दोन वर्षांनी ती करत राहावी.