उकिरड्यातली बुरशी आणि खारट घामाची मुलं

वळवाचा एखादा पाऊस होऊन गेला की वाळवा, पलूस, तासगाव भागात उकिरडे उपसायला सुरुवात होते. वरचा थर कोरडाठाक, पण खोरं आत घातलं की वाफ निघते, हात ठेवला तर चटका बसतो. त्या वाफेबरोबर करडी-हिरवट भुकटी उडते आणि ट्रॉली भरणाऱ्यांच्या भुवयांवर जाऊन बसते. या भुकटीत अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटस नावाच्या बुरशीचे बीजाणू असतात. कुजणारा पालापाचोळा हे तिचं घर. खताच्या ढिगातल्या ५० अंश सेल्सिअसलाही ती तग धरते, मग माणसाच्या अंगातले ३७ अंश तिला काय जड? बीजाणू जेमतेम २ ते ३ मायक्रॉनचा असतो, त्यामुळे नाक-घसा चुकवून तो थेट फुप्फुसाच्या तळाशी पोचतो.

बहुतेकांना यात घाबरण्यासारखं काही नाही; अडचण होते ती सिस्टिक फायब्रोसिस हा जन्मजात आजार असलेल्या मुलांची. असे बीजाणू आपण सगळेच रोज शेकड्यांनी ओढतो, सांगलीत ओढतो आणि लंडनमध्येही. श्वासनलिकेच्या आतून पातळ ओलसर कफाचा थर असतो. त्याखालचे सूक्ष्म केस सतत हलत राहतात आणि कफात अडकलेली घाण घशाकडे ढकलतात. आपण ती नकळत गिळून टाकतो. त्यातूनही जे खाली उरतं त्याचा समाचार पांढऱ्या पेशी घेतात.

सिस्टिक फायब्रोसिसमध्ये, डॉक्टरांच्या बोलण्यातल्या ‘सीएफ’मध्ये, बिघाड होतो तो नेमका या साफसफाईत. सातव्या गुणसूत्रावर सीएफटीआर नावाचं जनुक आहे, ते १९८९ मध्ये सापडलं. पेशीच्या भिंतीतून क्लोराइडची ये-जा करणारी वाट या जनुकामुळे बनते. वाट बंद पडली की क्लोराइड अडतं, त्यामागून येणारं पाणीही येत नाही आणि कफ काकवीसारखा घट्ट होतो. केसांना तो हलत नाही. त्यात जंतू मुक्काम ठोकतात, नळ्या सुजतात, हळूहळू फुगून ढिल्या पडतात. स्वादुपिंडाच्या नळ्याही अशाच तुंबतात, म्हणून पोर खूप खातं तरी अंगाला लागत नाही आणि शौचाला तेलकट, उग्र वासाचं होतं.

आजार व्हायला बिघडलेलं जनुक आई आणि वडील दोघांकडूनही यावं लागतं. दोघेही वाहक, म्हणजे बिघडलेल्या जनुकाची एकच प्रत असलेले, असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता २५ टक्के. स्वतः वाहकांना काहीच त्रास नसतो, त्यामुळे घरात कुणाला शंकाही येत नाही. मामाच्या पोरीशी लग्न करायची आपल्याकडची रीत इथे आडवी येते, कारण एकाच आजा-आजीकडून आलेला तोच दोष दोन्ही बाजूंनी खाली उतरू शकतो. सुनेला बोल लावण्याआधी हे गणित घरातल्या थोरल्यांनी समजून घेतलेलं बरं.

रोगाची सर्वात सोपी खूण घामात सापडते. १९४८ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये उष्णतेची लाट आली, तेव्हा हा आजार असलेली मुलं पटापट कोसळू लागली. पॉल दि सांत'अ‍ॅग्नीस या डॉक्टरांनी पुढे शोध घेतला, तर त्यांच्या घामात मीठ फार जास्त निघालं. आजही निदान त्यावरच होतं. दंडावर औषध लावून सौम्य विजेच्या प्रवाहाने घाम आणतात आणि त्यातलं क्लोराइड मोजतात. आकडा लिटरमागे ६० मिलिमोल किंवा वर गेला की सीएफची शक्यता पक्की धरतात. ३० च्या आत असेल तर बहुधा नाही. जत-आटपाडीचा एप्रिल-मे अशा मुलाला न्यूयॉर्कच्या लाटेपेक्षा सौम्य जाईल असं समजू नका. त्याच्या पाण्याच्या बाटलीत डॉक्टरांनी सांगितलेलं मीठ असायलाच हवं, ‘मीठ कमी खा’ हा सल्ला त्याच्यासाठी नाही.

भारतात हा आजार नाहीच, असं बरीच वर्षं मानलं जायचं. वारंवार न्यूमोनिया, वजन वाढत नाही, एक्स-रेवर डाग, एवढं जमलं की आधी टीबीच आठवतो. टीबी आपल्याकडे आहेही भरपूर, म्हणून डॉक्टरांनाही दोष देता येत नाही. पण बेडक्यात टीबीचे जंतू सापडले नाहीत, कोर्स पूर्ण करूनही खोकला तसाच आहे आणि मुका घेतला तर पोराचं कपाळ खारट लागतं, अशा वेळी घामाची तपासणी मागायला लाजू नये. ती गल्लीतल्या लॅबमध्ये होत नाही. नेहमी करणाऱ्या मोठ्या केंद्रातच करावी, नाहीतर आकडा फसवतो.

रोजचं औषधपाणी कंटाळवाणं पण ठरलेलं असतं: खारट पाण्याचं नेब्युलायझेशन, छाती मोकळी करायची फिजिओथेरपी, जेवताना पाचक एन्झाइमच्या कॅप्सूल, तूप-लोण्याचा सढळ आहार, जंतू वाढले की अँटिबायोटिक. घरच्यांचा बराचसा दिवस यातच जातो.

या सगळ्यात बुरशीकडे मात्र उशिरा लक्ष जातं. काही रुग्णांच्या कफात ती नुसती बसून असते, फारसा उपद्रव देत नाही. काहींमध्ये ती नळ्यांना सूज आणते. आणि काहींच्या शरीराला तिची जबर अ‍ॅलर्जी होते. त्या अवस्थेला एबीपीए म्हणतात. दम्याच्या रुग्णांतही ती आढळते. लक्षणं ओळखीची वाटतात, म्हणूनच चकवतात. अचानक धाप वाढते, छातीत शिट्टी वाजते, नेहमीची अँटिबायोटिक्स लागू पडत नाहीत, कधी खोकल्यातून तपकिरी रंगाचा, नळीच्याच आकाराचा कफाचा घट्ट बोळा पडतो. असा बोळा पडला तर फेकून देऊ नका, स्वच्छ डबीत घालून डॉक्टरांना दाखवा. रक्तातला आयजीई नावाचा घटक हजाराच्या पुढे जाऊ शकतो. एक्स-रेवर नवे डाग दिसतात आणि पुन्हा टीबीची शंका घेतली जाते.

इलाजात अ‍ॅलर्जी शमवायला स्टेरॉइड आणि बुरशीचा भार कमी करायला इट्राकोनॅझोल देतात. या इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूलच्या खोडी माहीत असायला हव्यात. ती भरल्या पोटी घ्यायची, कारण विरघळायला तिला आम्ल लागतं. सीएफच्या मुलांना आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या पुष्कळदा चालू असतात. त्या सोबत घेतल्या तर कॅप्सूल पोटात जाते, पण रक्तात पुरेशी उतरत नाही. याच औषधाचं सिरप मात्र उपाशीपोटी घ्यायचं असतं! रक्तातली पातळी मोजल्याशिवाय ‘औषध लागू पडत नाही’ असं म्हणण्यात अर्थ नाही. शिवाय ब्युडेसोनाइडच्या पंपासोबत इट्राकोनॅझोल चाललं तर पंपातलं स्टेरॉइड अंगात साठतं आणि चेहरा सुजतो, वजन चढतं. दुसरं औषध व्होरिकोनॅझोल. ते चालू असताना उन्हात कातडी भाजून निघते. रानात काम करणाऱ्या घराला हे आधी सांगायलाच हवं.

आता द्राक्षबागेत येऊ. छाटणीनंतर भुरी या द्राक्षावरच्या बुरशीला आवर घालायला तासगाव-मिरज पट्ट्यात ब्लोअरने जी औषधं मारतात, त्यांत हेक्झाकोनॅझोल, टेब्युकोनॅझोल, डायफेनोकोनॅझोल असतात. इट्राकोनॅझोल आणि ही फवारणीची औषधं एकाच कुळातली, अ‍ॅझोल. बुरशीच्या पेशीभिंतीआडचं पटल ज्या एन्झाइममुळे तयार होतं त्यावरच दोन्ही घाव घालतात. फवारा भुरीवर असतो, पण मातीत आणि पाचोळ्यात बसलेल्या अ‍ॅस्परजिलसलाही त्याचा मार बसतो. त्यातून जी तगते ती अ‍ॅझोलला दाद न देणारी. गोळी कधी न खाल्लेल्या रुग्णाच्या फुप्फुसातही अशी बुरशी श्वासातून जाऊ शकते. नेदरलँड्समध्ये हा प्रकार आधी लक्षात आला. भारतातल्या मातीत अशी बुरशी असल्याचं दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी २०१२ मध्ये मांडलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये धोकादायक बुरशींची यादी काढली, तेव्हा अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटसला सर्वात वरच्या गटात बसवलं. बागायतदाराला खलनायक करण्यात मला रस नाही, भुरीने घड गेले तर वर्ष जातं. पण एकाच गटाचं औषध लागोपाठ मारू नये, हा कृषी खात्याचा जुनाच सल्ला आहे, आणि तो फक्त द्राक्षासाठी नाही.

घरात सीएफचं मूल असेल तर काही कामं त्याच्यापासून लांब ठेवावीत: उकिरडा उपसणं, बुरसटलेला कडबा किंवा भुसा हलवणं, हळद पॉलिश करायच्या ड्रमशेजारी उभं राहणं. पुराचं पाणी ओसरल्यावर काळ्या पडलेल्या भिंती खरवडताना त्याला पाहुण्यांकडे पाठवावं. नेब्युलायझरचा कप रोज धुऊन, उकळून, पूर्ण कोरडा करावा. ओला कप झाकून ठेवणं वाईट. एवढं सांभाळलं की शाळा, क्रिकेट, गणपतीची मिरवणूक यांपासून त्याला तोडू नये. पळण्याने उलट कफ सुटतो. सीएफच्या दोन मुलांनी मात्र एकमेकांजवळ बसू नये, कारण त्यांच्या कफातले हट्टी जंतू एकमेकांना लागतात.

२०१९ मध्ये अमेरिकेत ट्रायकाफ्टा या तीन औषधांच्या मिश्रणाला मंजुरी मिळाली. ते बिघडलेली वाटच दुरुस्त करतं आणि कफ पातळ होतो. तिथली छापील किंमत वर्षाला ३ लाख डॉलरच्या वर. शिवाय ते प्रामुख्याने जनुकातल्या एफ५०८डेल या दोषावर बेतलेलं आहे, आणि युरोपच्या मानाने भारतीय रुग्णांत हा दोष कमी आढळतो. म्हणून जनुकीय तपासणीचा कागद आधी हातात हवा. ज्यांना ते औषध मिळतं त्यांच्यापुढेही बुरशीचा प्रश्न येतोच: इट्राकोनॅझोल चालू झालं की यकृत ट्रायकाफ्टाचा निचरा नीट करू शकत नाही, त्यामुळे मोठ्या रुग्णांत रोजच्या गोळ्या आठवड्यातून दोनदा इतक्या खाली आणाव्या लागतात. फुप्फुसाचे डॉक्टर वेगळे आणि सीएफचे वेगळे असतील, तर दोघांच्या चिठ्ठ्या एकाच फाइलमध्ये ठेवा आणि नवीन गोळी घेण्याआधी ती फाइल दोघांनाही दाखवा.