आधी ट्यूब दाखव

डॉक्टरीणबाईंनी आधी ट्यूब मागितली, डाग नंतर पाहिला.

मागच्या आषाढातली गोष्ट. भावजयीला पाचवा महिना आणि जांघेत गजकर्णाची खाज. फोंड्याच्या पावसात कपडे वाळतात कसले, दमटच अंगावर चढतात. फार्मसीवाल्यानं “बाय, दोन दिवसांत बरं वाटेल” म्हणत मलम दिलं. लाली खरंच उतरली. आठवड्यानं डाग तळहाताएवढा झाला.

त्या ट्यूबेत बुरशीच्या औषधासोबत क्लोबेटासोल हे कडक स्टिरॉइड होतं. लाली-खाज म्हणजे शरीराचं बुरशीशी चाललेलं भांडण. स्टिरॉइड ते भांडण थांबवतं आणि बुरशीला मोकळं रान मिळतं. गजकर्णाची बुरशी कातडीच्या वरच्या मृत थरातल्या केराटिन या प्रथिनावर जगते, बाळापर्यंत पोचत नाही. पण असं कडक स्टिरॉइड गरोदरपणात भरपूर चोपडलं, तर बाळाचं वजन कमी भरण्याशी त्याचा संबंध आढळला आहे.

‘अंगावरून पांढरं जाणं’ हे वेगळं प्रकरण. तिथली बुरशी बहुधा कॅन्डिडा, एरवीही अनेकींच्या अंगात गुपचूप राहणारी. गरोदरपणात इस्ट्रोजन हे संप्रेरक वाढतं, योनीच्या पेशींत ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, जमतो आणि कॅन्डिडाला आयतं जेवण मिळतं. यात अस्वच्छतेचा प्रश्न नाही, सासूबाई काहीही म्हणोत. स्राव फाटलेल्या दुधाच्या चोथ्यासारखा असतो, त्याला सहसा वास नसतो. वास आला, रंग हिरवट दिसला, तर कारण दुसरं शोधावं लागतं.

बाळाला बहुतेक वेळा काही होत नाही. जन्मताना संसर्ग झालाच तर तोंडात पांढरे चट्टे येतात. दुधाची साय वाटते, पण पुसून सहज निघत नाही. बुरशी गर्भाशयात चढणं फार दुर्मीळ. कॉपर-टी आत असताना दिवस गेले किंवा गर्भाशयाच्या तोंडाला टाका घातलेला असला, तर तो धोका वाढतो. मग बाळ अपुऱ्या दिवसांचं जन्मू शकतं.

मला जास्त भीती वाटते ती फ्लुकोनाझोल या बुरशीवरच्या गोळीची. पहिल्या तिमाहीत रोज 400 ते 800 मिलिग्रॅम असं दीर्घकाळ घेतलेल्या काही मातांच्या बाळांत कवटी, हाडं, हृदय यांचे दोष दिसल्यावर अमेरिकेच्या औषध प्रशासनानं 2011 मध्ये इशारा दिला. 150 मिलिग्रॅमची एकच गोळी इतकी घातक नाही, तरी 2016 च्या डॅनिश अभ्यासात ती घेणाऱ्यांत गर्भपात जास्त आढळले. म्हणून डॉक्टर क्लोट्रिमाझोल हे बुरशीवरचं औषध देतात, योनीत ठेवायचं, साधारण 7 दिवस. तिसऱ्या दिवशी खाज थांबली तरी कोर्स पुरा करायचा.

बुरशी पुन्हा पुन्हा होत असेल तर रक्तातली साखर तपासतात. भावजयीची ठीक निघाली. ट्यूब मात्र डॉक्टरीणबाईंनी परत दिली नाही.